किलर व्हेलपुढचा रकाना

माझी बहीण उज्ज्वला गेल्या चैत्रात, बुधवारी सकाळी, नांदेडच्या दवाखान्यात वारली. मी तिच्याजवळ होतो. आई कुरुंद्याला होती. डॉक्टरांनी वेळ लिहिली आणि मी सही केली. दुपारी तिला गावी आणलं. त्या दिवशी आमच्या अंगणात हळद वाळत होती. बायांनी ती गोळा केली आणि जागा केली.

यंदा पुन्हा हळद शिजते आहे. कुरुंद्याच्या शिवारात माघ-फाल्गुनात जागोजागी कुकर पेटतात, लोखंडी पिंपांतून वाफ सुटते आणि साऱ्या गावाला तो वास येतो. उकडलेल्या मातीचा, थोडा कापरासारखा, थोडा कडवट. मी वसमतला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. हंगामात मुलं पुस्तकं परत आणतात तेव्हा पानांच्या कोपऱ्यांवर पिवळे अंगठे उमटलेले असतात. पुस्तक खराब झालं अशी नोंद मी करायला हवी. करत नाही. यंदा हा वास मला सोसणार नाही असं आईला वाटलं होतं. ती फोनवर म्हणाली, "बापू, हळद होईस्तोवर तू तिकडंच राहा. इथं येऊन जिवाला तकलीफ काहून करून घेतो?" मी त्याच शनिवारची एसटी धरून गावी आलो. अंगणात बसलो. बाया हळकुंडं पसरत होत्या, त्यांच्यात जाऊन मीही पसरू लागलो. दुःख झालं. ते घरात बसूनही झालंच असतं.

त्याच आठवड्यात पत्र आलं होतं. आपल्या देशाच्या समुद्रात जे सस्तन प्राणी आहेत त्यांची आजची स्थिती काय, कोण धोक्यात आहे, कोण नाही, याची एक यादी तयार होते आहे. उज्ज्वला, आमची उजी, किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेत होती आणि त्या यादीतला किलर व्हेल तिच्याकडे होता. काळाभोर, डोळ्याच्या मागे पांढरा डाग, पाठीवर पुरुषभर उंचीचा पर. आपण देवमासा म्हणतो, पण शास्त्रानं तो डॉल्फिनच्याच घराण्यातला, त्यातला सगळ्यांत मोठा. पत्र यादीच्या समन्वयकांचं होतं. भाषा सभ्य होती. उज्ज्वलाताईंच्या जाण्यानं मोठी हानी झाली आहे. त्यांचा मसुदा समितीनं वाचला. तथापि हा प्राणी आपल्या पाण्यात वाट चुकून येणारा दिसतो, म्हणून त्याच्या नावापुढे 'लागू नाही' असं लिहावं असं समितीचं मत पडतं. त्यांच्या कागदांपैकी काही पुरवणी पुरावा घरी असल्यास महिनाअखेरपर्यंत पाठवावा.

'लागू नाही'. हे दोन शब्द मी त्या दिवशी अनेकदा वाचले. कारण गेल्या हंगामात, याच अंगणात, उजीनं मला या दोन शब्दांचा अर्थ नीट समजावून सांगितला होता.

ती पौषात घरी आली. रक्ताचा आजार होता, औषधांनी केस गेले होते, डोक्याला आईची जुनी सुती ओढणी गुंडाळलेली. बरोबर कपड्यांची एक पिशवी आणि कागदांची दोन खोकी. आईनं आधी खोकी पाहिली. "आराम करायला आलीस का दप्तर घेऊन आलीस?" उजी म्हणाली, "माय, आराम बसूनच करायचा असतो ना? मग बसल्या बसल्या लिहिते." तिनं खाट अंगणात टाकायला लावली. समोर हळद, मागं लिंबाची सावली, मांडीवर पाट, पाटावर कागद. डॉक्टरांनी तिला किती दिवस सांगितले होते ते तिला ठाऊक होतं आणि मलाही. आम्ही ते आपसात कधी बोललो नाही.

आमच्या तालुक्याला समुद्र नाही. लहानपणी आम्ही पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वरचं धरण. तिथं बंधाऱ्यावर उभी राहून उजीनं वडिलांना विचारलं होतं, "पलीकडचा काठ दिसत न्हाई असं पाणी असतं का?" वडील म्हणाले, असतं. एवढंच. ते आता नाहीत, पण त्या एका होकारावर ही मुलगी किनाऱ्यापर्यंत गेली. नातेवाईक हसायचे. घरात हळद, आणि पोरगी माशाच्या मागं. लग्न का नाही, हे विचारायचं धाडस नसलेले लोक मासे कसे आहेत म्हणून विचारायचे.

हळद निवडायला मुक्तामावशीची टोळी यायची. मुक्तामावशी साठीच्या, हाताला चुन्याचा वास, तोंड कायम काहीतरी बोलायला तयार. पहिल्याच दिवशी त्यांनी खाटेकडे मान वळवली.

"उजे, काय लिहून राहिलीस गं एवढं?"

"समुद्रात एक प्राणी आहे मावशी, त्याचा हिशेब लावते. आपल्याकडं आहे का न्हाई, असला तर कसा आहे."

"मासाच ना?"

"मासा न्हाई. पिल्लाला दूध पाजतो."

सगळ्यांचे हात थांबले. "दूध? पाण्यात?" मुक्तामावशींनी विचारलं. "अन् सांडत न्हाई?"

उजी इतकी हसली की तिला खोकला लागला. मग तिनं सांगितलं, की यांच्यात म्हातारी बाई पुढं असते, तिच्या मागं तिची लेकरं, लेकरांची लेकरं. शिकार कुठं मिळेल ते म्हातारीला ठाऊक.

"म्हंजी आपल्यासारखंच की," मुक्तामावशी म्हणाल्या. "फकत त्यायला निवडायला हळद न्हाई." आणि लगेच, "तू पाह्यलास का गं?"

"न्हाई."

"इतक्या वर्सांत एकदाबी न्हाई?"

"एकदाबी न्हाई. बोटीवर कितीदा गेले. दुसरे डॉल्फिन दिसले, मोठे देवमासे दिसले. हा न्हाई दिसला."

कुणीतरी फिसकन हसलं. उजीनं वर पाहिलं. रागावली नव्हती. "मला दिसला न्हाई त्यात त्याचं काय बिघडलं?" ती म्हणाली आणि पुन्हा लिहायला लागली. हे वाक्य तिनं फार सहज म्हटलं. मी मात्र अजून त्याच्यापाशी थांबतो.

तिला दिसला नव्हता म्हणूनच तिनं दुसऱ्यांच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायची एक पद्धत बसवली होती. किनाऱ्यावरच्या गावागावांत जाऊन तिनं मच्छीमारांना विचारलं होतं. आधी चित्रं दाखवायची नाहीत, आधी त्यांना सांगू द्यायचं. कुठे, केव्हा, किती, पाठीवर काय, डोळ्यापाशी काय, तोंड फिरवून कुठे गेले. सगळं त्यांच्याच शब्दांत तीन वह्यांमध्ये उतरवलेलं होतं. हात थरथरायला लागले तेव्हा तिनं वह्या माझ्याकडे दिल्या. "दादा, तुझं अक्षर चांगलं आहे. साफ तक्ता करून दे. तारीख, जागा, सांगणारा, वर्णन."

मी रजा काढली आणि बसलो. आणि इथे मी एक चूक केली.

ग्रंथालयात वर्षातून एकदा निर्लेखन असतं. ज्या पुस्तकाचं पहिलं पान गेलं, ज्याच्यावर नाव नाही, वर्ष नाही, ते बाजूला काढायचं आणि दप्तरातून कमी करायचं. वीस-बावीस वर्षं हे काम करून माझा हात त्याला बसला आहे. वह्यांमध्ये काही नोंदींना तारीख होती, काहींना नव्हती. 'दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी, धाकट्या मुलीचं बारसं केलं त्या साली.' 'चंपाषष्ठीला, नवी होडी पाण्यात घातली तेव्हा.' मी अशा नोंदी तक्त्यात घेतल्याच नाहीत. त्या पानांच्या नकला काढल्या, पाकिटात घातल्या, पाकिटावर नीट लिहिलं, 'तारीख नाही', आणि खोक्याच्या तळाशी ठेवलं. स्वच्छ तक्ता तयार झाला तेव्हा मला समाधान वाटलं होतं, हे कबूल करायला हवं.

उजीनं तक्ता वाचला. वही शेजारी ठेवून ओळी मोजल्या. मग म्हणाली, "अर्ध्याहून जास्त कुठं गेले?"

मी पाकीट काढून दिलं.

"दादा," ती म्हणाली, "तू माझी हळद मातीतच ठेवून आलास की."

मुक्तामावशी उन्हातून पाणी प्यायला आल्या होत्या. त्यांना काय झालं ते कळलं नव्हतं, पण मातीतली हळद म्हटल्यावर त्या थांबल्या. आमच्याकडे रीत आहे. मालकानं हळद काढून नेली की मोकळ्या रानात बाया सरवा वेचायला जातात. ढेकळांत राहिलेलं जे सापडेल ते त्यांचं. आई रान नांगरायची घाई करत नाही, चार दिवस तसंच ठेवते. मुक्तामावशी मला म्हणाल्या, "मालकाला रान रिकामं दिसतं बापू. म्हणून तर आमचं भागतं."

उजीनं बोट माझ्याकडे केलं. "ऐक. मावशीला समितीवर घ्यायला पाहिजे."

तिनं मला तेव्हा समजावलं. मच्छीमार महिन्याच्या तारखेनं समुद्रात जात नाही. भरती-ओहोटी चंद्रावर चालते, म्हणून तो तिथीनं जगतो. तारीख त्याला आठवणार नाही, तिथी बराबर आठवेल. आणि साल? साल पोरीच्या जन्मदाखल्यावर आहे, होडीच्या कागदावर आहे. ते तिनं आधीच शोधून प्रत्येक नोंदीखाली पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, मी ते पाहिलंच नव्हतं. उरली तिथीची तारीख. मधेच अधिक महिना येतो, तिथी मागेपुढे सरकते, म्हणून अंदाजानं चालायचं नाही. जुनी पंचांगं हवीत. आमच्या कॉलेजात होती. मीच ती निर्लेखनात काढली होती.

नरसीला गोविंद गुरुजी म्हणून वडिलांचे एक स्नेही आहेत. एका लहान देवळाची पूजा त्यांच्या घराकडे आहे. ते पंचांग टाकून देत नाहीत, दरवर्षीचं दोरीत ओवून ठेवतात, हे मला आठवलं. एकटा जातो म्हटलं तर उजी ऐकेना. माघातल्या एका सकाळी हिंगोलीत गाडी बदलून आम्ही गेलो. ती खिडकीशी बसली होती, ओढणी वाऱ्यानं उडत होती, दोन्ही बाजूंनी काढणीला आलेली हळद. तिचा चेहरा मला तेव्हा आजारी वाटला नाही, कामावर निघालेला वाटला.

गुरुजींनी दोरी सोडता सोडता विचारलं, "पत्रिका जुळवायची का कुणाची?"

"व्हय गुरुजी," उजी म्हणाली. "मुलगा रंगानं काळा-पांढरा आहे. उंची म्हणाल तर दोन-तीन मजली. घर मोठं, समुद्रातच."

गुरुजींनी चष्मा वर केला. "नोकरी?"

"शिकार."

"मग मंगळ असणार," गुरुजी म्हणाले आणि पंचांगं आमच्यापुढे ठेवली.

आम्ही दिवसभर तिथे बसलो. मी तिथी वाचायचो, गुरुजी पान काढायचे, उजी तारीख लिहायची. पानांना वाळवीनं नक्षी केली होती, कापराच्या वड्या मधे चुरल्या होत्या. दुपारनंतर उजीनं पेन खाली ठेवलं. मला वाटलं दमली. ती तक्ता माझ्याकडे सरकवून म्हणाली, "बघ." वेगवेगळ्या गावांतल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी, वेगवेगळ्या वर्षी सांगितलेल्या गोष्टी मार्गशीर्षाच्या त्याच पंधरवड्याच्या आसपास येऊन बसत होत्या. एका वर्षी रत्नागिरीकडच्या होडीनं पाहिले आणि दोन दिवसांनी मालवणकडच्या. दोघांनीही सांगितलं होतं, एकाचा पर वाकलेला.

वाट चुकलेला प्राणी दरवर्षी त्याच दिवसांत कसा चुकेल?

गुरुजींना आनंद झाला, मला झाला. उजीनं मात्र घरी येऊन सगळ्या नोंदी पुन्हा तपासायला घेतल्या. तिच्या तक्त्यात एक रकाना शंकेचा होता. त्यातली सगळ्यांत सुंदर गोष्ट एका म्हाताऱ्या खलाशाची होती. रात्रभर होडीसोबत पोहत आलेल्या कळपाची. ती तिनं स्वतः खोडली. "काळा म्हणतो, पण डोळ्यामागं डाग न्हाई म्हणतो. हा दुसरा प्राणी आहे." मी म्हटलं, राहू दे की, कुणाला कळणार? तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तिचं वर्णन मी करणार नाही.

आणि मग त्या दोन शब्दांचं. यादीत प्रत्येक प्राण्यापुढे एक रकाना असतो. तिचं म्हणणं होतं की इथे 'माहिती अपुरी' असंच पडायला हवं. मी म्हटलं, एवढं करून शेवटी माहिती अपुरीच? मग 'लागू नाही'त आणि यात फरक काय? तिला बोलताना धाप लागत होती, तरी ती उठून बसली. "लागू न्हाई म्हणजे तो आपला न्हाई, त्याचं बरंवाईट आपण बघायचं न्हाई. विषय बंद. माहिती अपुरी म्हणजे तो इथं आहे आणि आपण पुरतं पाहिलेलं न्हाई. चूक आपली. बघायला लागा. दादा, मला तो धोक्यात आहे असं खोटं लिहायचं न्हाई. धोक्यात न्हाई असंबी खोटं लिहायचं न्हाई. पण तो नाहीच असं मी कुणाला लिहू देणार न्हाई."

मसुदा तिनं फाल्गुनाच्या शेवटी पाठवला. तिथ्यांची पुरवणी जोडायची राहिली. ताप आला, मग दवाखाना, मग तो बुधवार.

तेरा दिवस माणसं येत होती. एवढं शिकून काय हाती लागलं, असं एक जण माझ्या पाठीमागे म्हणाला; मला ऐकू यावं इतक्या आवाजात. दुसऱ्यानं समजूत घातली की बरं झालं, मागं कुणी नाही, लेकरंबाळं उघडी पडली नाहीत. पुढे रेशनकार्डावरून तिचं नाव कमी करायला गेलो तेव्हा कारकुनानं रेघ मारली आणि पुढचा अर्ज घेतला. त्याचं ते कामच आहे. मीही आयुष्यभर तेच केलं, नाव नसलेली पुस्तकं कमी केली. पण त्या दिवशी खिडकीतून वळताना मी ठरवलं की इथून पुढे माझ्या हातून कुठलीही नोंद कमी होणार नाही. काळ सगळं विसरायला लावतो म्हणतात. काळानं यावं आणि प्रयत्न करून पाहावा.

पत्राला उत्तर लिहायला मला नऊ दिवस लागले. मी हळू लिहितो. तिथ्यांचा तक्ता पुन्हा उतरवला, प्रत्येक तिथीपुढे पंचांगाचं वर्ष आणि पान, सालाचा आधार कुठला ते, शंकेचा रकाना तिनं भरला तसाच. खोडलेली गोष्ट खोडलेलीच पाठवली, कारणासकट. एका संध्याकाळी समन्वयकांचा फोन आला. माणूस चांगला होता, अवघडलेला होता.

"सर, राग मानू नका, पण आपण या विषयातले नाही ना?"

"नाही."

"समितीत कुणी म्हणेल, की भावाची भावना आहे..."

"भावना आहेच," मी म्हटलं. "ती मी पाठवलेली नाही. पाठवलाय तो तक्ता आहे. त्यातली तिथी चुकली असेल तर पान सांगा, मी दुरुस्त करतो."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मसुद्यात ताईंचं नाव आभारात घ्यावं असं ठरतंय. आता त्या नाहीत म्हणून..."

मी सहसा आवाज चढवत नाही. त्या दिवशी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, इतका चढला. "आभार तुम्ही मच्छीमारांचे माना. लिहिलं तिनं आहे. लेखक म्हणून तिचं नाव पडेल, नाहीतर तिचा तक्ता वापरू नका."

फोन ठेवल्यावर आईनं विचारलं, "कुणासंगं भांडून राहिला?"

"उजीच्या मोठ्या साहेबासंगं."

"जिंकलास का?"

"माहीत न्हाई."

"मग पुन्हा लाव फोन," आई म्हणाली आणि आत गेली.

पुन्हा लावावा लागला नाही. चैत्रात निकाल कळला. काही नोंदी समितीनं नाकारल्या, त्यांची कारणं वाचून मला पटली; उजीलाही पटली असती. बाकीच्या घेतल्या. किलर व्हेलपुढच्या रकान्यात 'माहिती अपुरी' असं पडलं आहे आणि वर लेखक म्हणून उज्ज्वलाचं नाव आहे. गावात हे मी मुक्तामावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी अजून शोधायचं म्हणा की." शास्त्रज्ञांना पत्रातून जे समजावताना माझे नऊ दिवस गेले, ते त्यांना एका वाक्यात कळलं.

कुणी मला म्हणतं, आता झालं, तिच्या आत्म्याला शांती मिळाली. मला तशी शांती कबूल नाही. एक्केचाळीसाव्या वर्षी माझी बहीण गेली, ते चूक झालं आणि चूकच राहील. यादीतल्या दोन शब्दांनी त्याची भरपाई होत नाही. ते दोन शब्द बरोबर आहेत, एवढंच.

तिचा मोबाइल मी बंद केलेला नाही. परवा दुपारी त्याच्यावर मालवणकडून एका बाईचा फोन आला. मागे बाजाराचा गलका होता.

"उज्ज्वलाबाई आसत काय?"

मी म्हटलं, "नाहीत. वारल्या. मी त्यांचा भाऊ."

गलक्यातच तिनं कुणाला तरी गिऱ्हाईक बघायला सांगितलं. मग ती म्हणाली, "मगे तुमी लिवन घेशात?"

मी लिहून घेतलं. तिथी, जागा, किती, पाठीवर काय, डोळ्यापाशी काय.

उजी नाही. तिच्या तीन वह्या भरलेल्या आहेत. चौथी मी आणली आहे, तिच्यात सध्या एक नोंद आहे.